पापडीच्या वेलाखालची जाळी

तिच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली बोटं आदल्या सालच्या सुगीत थ्रेशरच्या पट्ट्यात गेली होती. ती माझ्या गिरणीवर ज्वारीचा डबा घेऊन यायची, डबा उतरवताना तो पोटाशी धरायची, आणि रांगेतल्या बाया तिच्या हाताकडे बघून च्च च्च करत म्हणायच्या, "नसीब, बीजुं शुं."

नशीब, दुसरं काय! ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. अगं, नशीब काय पुलीवर बसून आलं होतं का? तिथे जाळी नव्हती, एवढंच. ट्रॅक्टरची पुली फिरते, तिच्यावरचा लांबलचक पट्टा थ्रेशरची पुली फिरवतो, आणि पट्टा पुलीत शिरतो त्या तोंडावर लोखंडी चौकटीची जाळी बसवलेली असते. माणसाचा हात, पदर, केस आत जाऊ नयेत म्हणून कंपनीच ती देते. ती काढून ठेवली होती. ज्याने काढली त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, नशिबाचं मात्र सगळ्यांनी घ्यायचं. मी तिला एकदा विचारलं तर ती नुसती म्हणाली, "पट्टाए हाथ खेंची लीधो, बेन." पट्ट्याने हात ओढून घेतला. तीसुद्धा थ्रेशरवाल्या शेठचं नाव घेईना, कारण आता त्याच शेठच्या घरी ती भांडी घासायची. शेठ गावभर सांगत फिरायचा की मी तिला कामावर ठेवून घेतली. म्हणजे उपकार!

ही नव्वदच्या पुढची गोष्ट. आम्ही सुरतेजवळ कोसाडला राहायचो, स्टेशनापासून जवळ, एका लांब चाळीत. पुढे तिकडे खूप वस्ती झाली, तेव्हा चाळ संपली की शेतंच होती, भाताची आणि उसाची. चाळीतले बहुतेक आमच्या खान्देशातले. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि भांडण आलं की तिन्ही. आमचे हे कतारगामला कापडाच्या लूमवर होते आणि मी चाळीच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवायचे. गिरणी एका म्हाताऱ्या गुजराती काकांची. पीठ नाकात जाऊन जाऊन त्यांना दमा झाला, तेव्हा त्यांनी ती माझ्या ताब्यात दिली. देताना एकच गोष्ट सांगितली, की दगड बिघडला तर पीठ बिघडेल, पण पट्टा बिघडला तर तू बिघडशील.

ते मी जन्माचं लक्षात ठेवलं. सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी मी मेन स्विच खाली ओढायचे, फ्यूज काढून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायचे, आणि मगच पट्ट्याला हात लावायचे. फ्यूज पदरात असला की कुणी उत्साही गिऱ्हाईक बटण दाबो नाहीतर नाचो, गिरणी हलत नाही. मग अख्खा पट्टा हाताखालून काढायचा. उलटा वाकवून बघायचा, भेगा असल्या की वाकवल्यावरच तोंड उघडतात. कडा कातरलेल्या दिसल्या तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत. आतली बाजू आरशासारखी चकाकली तर पट्टा घसरतोय. मधोमध अंगठ्याने दाबून बघायचा, फार दबला तर सैल, दबलाच नाही तर बेअरिंगचं मरण. आणि सगळ्यात शेवटी जोड. पट्ट्याची दोन टोकं लोखंडी क्लिपांनी शिवलेली असतात, त्या क्लिपांवरून नख फिरवायचं. एखादी उचललेली लागली की गिरणी बंद, मग रांगेत कलेक्टरीणबाई का उभी असेना.

चाळ मला "फ्यूजवाली वहिनी" म्हणायची. भाऊबीजेला नवी साडी नेसले तरी कुणीतरी विचारायचंच, "वहिनी, फ्यूज बांधला का पदराला?" हसा बाबांनो. माझी दहाच्या दहा बोटं जागेवर होती.

घरात मात्र दिव्याखाली अंधार. आमचे हे लूमवाले, आणि लूमवाल्यांची एक खोड असते. लूमवर प्रत्येक मशीनला छोटी मोटर आणि छोटा पट्टा. तो सैल आहे की ताणलेला, हे बघायला लूमवाला मशीन थांबवत नाही. मशीन थांबलं तर कापड थांबतं. तो चालत्या पट्ट्यावर तळहात ठेवतो, वैद्याने नाडी बघावी तसा, आणि मान हलवून सांगतो, "ढिला आहे." घसरत असला तर खिशातून राळेचा खडा काढून चालत्या पट्ट्यावर घासतो. राळ चिकटली की पट्टा पकडतो. वर्षानुवर्षं हेच. हात सापडला तर काय होतं? छोट्या मोटरचा जीव तो केवढा! पट्टा घसरून खाली पडतो, हाताला फोड येतो, शेजारचा लूमवाला हसतो, संपलं. त्या पट्ट्याशी लाडीगोडी चालते. म्हणून लूमवाल्याला वाटतं की जगातले सगळे पट्टे आपले मेव्हणे आहेत.

आमच्या ह्यांच्या हाताचं कारखान्यात कौतुक होतं. तुटलेला धागा ते असा बांधायचे की कापडावर गाठ शोधून सापडू नये. त्या हातावर आमचं घर चाललेलं. मला तो हात आवडायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायची रीत नव्हती आमच्यात. नवऱ्याला तोंडाने "अहो" म्हणायचं आणि मनातल्या मनात "अरे गाढवा" म्हणायचं, ही रीत.

दिवाळी आली की सुरतेतले लूम बंद. कतारगामच्या गल्ल्या मुक्या होतात, आमची माणसं ताप्ती लाइनच्या गाडीला लोंबकळून गावाला जातात. त्या वर्षी आम्ही गेलो नाही, कारण दिवाळीत गिरणीला उसंत नसते, भाजणी आणि बेसन रात्रंदिवस. मी पिठात आणि हे रिकामे. रिकामा माणूस घरात असला की त्याला अक्कल सुचते. एका संध्याकाळी मला म्हणाले, "उद्यापासून शेठच्या थ्रेशरवर जातोय. त्याचा माणूस पळाला. शेठ म्हणाला, लूम चालवता म्हणजे मशीन तुम्हाला कळतंच."

मी भाकरी थापत होते. हात थांबला.

"कोणता शेठ?"

"तोच. गावातला."

"जिच्या हाताची बोटं गेली, तिचा शेठ?"

"ती बाई अडाणी होती," हे म्हणाले. "तिला पट्टा काय माहीत. मी पट्ट्यातच वाढलोय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "अहो, ती अडाणी म्हणून तिची बोटं गेली नाहीत. जाळी नव्हती म्हणून गेली. आणि तुम्ही तर तिच्याहून वाईट. ती निदान पट्ट्याला घाबरून होती. तुम्ही त्याच्यावर हात ठेवून गप्पा मारता!"

"माले शिकाडू नको," हे म्हणाले आणि पाट ओढून जेवायला बसले. मला शिकवू नको. ठीक आहे म्हटलं. भाकरी मात्र करपलेली वाढली.

दुसऱ्या दिवशी त्यांची भाकर घेऊन मी शेतावर गेले. कालव्याच्या बांधावरून चालत जायचं, मग खळं. लांबूनच मशीनचा आवाज येत होता आणि भुशाचा धुरळा उडत होता. बाया पेंढ्या उचलून देत होत्या, हे मशीनच्या तोंडाशी उभे राहून आत सारत होते. मी जवळ गेले आणि आधी पट्टा बघितला. सवयच ती. ट्रॅक्टरपासून थ्रेशरपर्यंत लांब काळा पट्टा, फट् फट् फट् करत पळत होता, आणि पुलीच्या तोंडावर काहीही नव्हतं. काहीही नव्हतं असं कसं म्हणू? लिंबू-मिरची होती. ज्या भोकांत जाळीचे नटबोल्ट असायला हवेत, त्यांतल्या एका भोकात तार ओवून लिंबू आणि मिरच्या टांगल्या होत्या. खाली फोडलेल्या नारळाची करवंटी आणि मशीनच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक. देवाने बघावं, भुताने बघू नये, एवढा सगळा बंदोबस्त! फक्त माणसाच्या हाताचा नाही.

शेठ कडुनिंबाच्या सावलीत खाटेवर बसला होता. तोंडात तंबाखूचा मसाला. मी सरळ जाऊन विचारलं, "शेठ, जाळी कुठे?"

"जाळी तो छे, बेन. वाडीमां पडी छे." वाडीत आहे म्हणे. "सीझन पछी लगाडी दईशुं."

सुगी झाल्यावर लावणार! म्हणजे पाऊस संपला की छत्री उघडणार. मी म्हटलं, "गेल्या साली त्या बाईची बोटं गेली ती सुगीतच गेली ना?"

त्याने मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. जाळी लावली की पट्टा घसरला तर आधी नटबोल्ट खोला, मग पट्टा चढवा, मग पुन्हा नटबोल्ट. त्यात वेळ जातो. आणि आपण नारळ फोडलेला आहे. "भगवान पर भरोसो राखो, बेन."

भरोसा देवावर आणि हात माझ्या नवऱ्याचा. वा रे वा!

जेवणाची वेळ झाली, ट्रॅक्टर थांबला. सगळे कडुनिंबाखाली बसले. मी ह्यांच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि स्वतः पट्ट्याकडे गेले. "काय व, तठे काय करी राहिनी?" हे ओरडले. तिथे काय करतेस म्हणून. ट्रॅक्टरची किल्ली लावलेलीच होती. ती काढली, पदराला गाठ मारली, आणि पट्टा हाताखालून काढायला लागले. लोक हसले. कुणीतरी म्हणालंही, फ्यूजवाली इथेपण आली.

पट्टा जुना होता. कडा कातरलेल्या, आतली बाजू राळेने काळीकुट्ट आणि चिकट. म्हणजे सकाळपासून ह्यांनी राळ फासली होती. ते मी सोडून दिलं. पण जोडावर आले आणि तिथेच थांबले. क्लिपांपैकी निम्म्या उचलल्या होत्या. टोकं वर आलेली, तापीत मासे धरायच्या गळासारखी वाकडी. पट्टा पळत असताना हे डोळ्याला दिसत नाही, काळी रेघ पळतेय एवढंच दिसतं. पण त्या रेघेवर तळहात ठेवला, तर जोड फिरून आला की ते गळ मांसात रुतणार. मग पट्टा थोडाच थांबणार आहे! लूमची मोटर नव्हे ती, अख्खा ट्रॅक्टर. हाताला घेऊनच पुलीत जाणार. त्या बाईला काय झालं असेल ते मला तेव्हा नीट कळलं.

मी ह्यांना हाक मारली. "अहो, इकडे या. हे बघा."

हे आले, हातात भाकरीचा तुकडा. बघितलं. मला माहीत आहे त्यांना ते कळलं, कारण चावायचे थांबले. पण मागे सगळे बघत होते आणि बायकोने दाखवलेली चूक चारचौघांत मान्य करायची म्हणजे पुरुषाच्या जातीला केवढी शिक्षा! "संध्याकाळी बदलू," म्हणाले. "दुपार निघेल."

"जाळी नाही, जोड उघडा, आणि दुपार निघेल?"

"तुले काय समजस? चक्कीचा पट्टा आणि ह्याचा पट्टा सारखा आहे का?"

"सारखा नाही म्हणूनच सांगतेय ना!"

शेठ खाटेवरून म्हणाला, आजचा दिवस जाऊ दे बेन, उद्या नवीन क्लिपा आणतो. किल्ली मागितली. ट्रॅक्टर त्याचा, शेत त्याचं, आणि नवरा माझा असला तरी तोही त्याच्याच बाजूने उभा. गाढवापुढे वाचली गीता. मी किल्ली दिली. पण घरी गेले नाही. गिरणीवर रांग लागली असेल हे माहीत असून कालव्यावर हातपाय धूत बसले आणि एक डोळा तिकडे ठेवला.

मशीन सुरू झालं. दुपारच्या पेंढ्या खालच्या थरातल्या, ओलसर. मशीनवर ओझं आलं आणि पट्टा घसरायला लागला. जळक्या रबराचा वास कालव्यापर्यंत आला. मी मान वर केली, तर हे मशीनचं तोंड सोडून पट्ट्याकडे चालले होते. डाव्या हाताने खिशातून राळेचा खडा काढला. खांद्यावरचा रुमाल उजव्या हातात गुंडाळला होता, भुसा टोचतो म्हणून. आणि तो उजवा हात, तळवा खाली करून, अगदी सहज पट्ट्याकडे निघाला. नाडी बघायला.

"हात काढ!" मी ओरडले. "अरे हात काढ तो! मेल्या, हात काढ!"

"काढा" म्हणायला वेळ नव्हता. माझा आवाज तसा दणदणीत आहे, गिरणीच्या घरघरीवर ओरडून कमावलेला. हे दचकले, हात मागे आला, पण रुमाल पट्ट्यावर पडला. तो पडला न पडला तोच जोड फिरून आला. रुमाल गळांना अडकला, पुलीत गेला आणि पलीकडून चिंध्या होऊन बाहेर पडला. ड्रायव्हरने घाबरून ट्रॅक्टर बंद केला. पट्टा हळूहळू थांबला. जोड वरच्या बाजूला येऊन उभा राहिला, रुमालाचं एक सूत क्लिपेत लटकत होतं.

मग शेठ हसला. हसला हो! म्हणाला, "रुमाल ज गयो ने! नवो लई आपीश." रुमालच गेला ना, नवा घेऊन देतो.

आणि आमचे हे? त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, मग लाल झाला. मला वाटलं आता म्हणतील, वाचलो बाई. ते माझ्याकडे बघून दात-ओठ खात म्हणाले, "चार लोकंसमोर तू माले अरे-तुरे करं!"

हात पुलीत जाता जाता राहिला आणि ह्यांना अरे-तुरेचं पडलेलं! मला वाटलं होतं मी रडेन. पण राग असा चढला की डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच आटलं. मी पदर खोचला. ड्रायव्हरच्या हातातून किल्ली घेतली. पुली हाताने उलटी फिरवत पट्टा कडेला सरकवला, एका बाजूने सोडवला, मग दुसऱ्या बाजूने, गुंडाळला आणि खांद्यावर टाकला. जड होता, पण भाजणीच्या पोत्यापेक्षा जड नव्हता. किल्ली शेठच्या खाटेवर टाकली आणि म्हटलं, "ट्रॅक्टर तुमचा, चालवा खुशाल. पट्टा माझ्या गिरणीत आहे. जाळी आणा आणि पट्टा न्या."

"बेन, तमे गांडा थई गया छो?"

"हो," मी म्हटलं, "पूर्ण वेडी झालेय." आणि कालव्याच्या बांधावरून निघाले. मागून कुणी आलं नाही. आमचे हेही नाही.

गिरणीवर बाया ताटकळल्या होत्या. खांद्यावरचा पट्टा बघून सगळ्या बाजूला झाल्या. मी तो खुंटीला अडकवला, फ्यूज लावला आणि भाजणी दळायला घेतली. लक्ष ठिकाणावर नव्हतं, त्या दिवशी बऱ्याच जणींची भाजणी जाड निघाली असेल. कुणी तक्रार केली नाही.

दिवस कलायच्या आधी शेठची फटफटी आली. मागे बसून कोण आलं असेल? आमचे हे. बायकोकडून पट्टा सोडवायला शेठच्या मागे बसून आले! तो क्षण मी अजून माफ केलेला नाही. शेठ म्हणाला, पट्टो आपी दो, नाहीतर पोलिसात जाईन, चोरी आहे ही. मी गिरणी बंद केली, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. म्हटलं, "चला, मीही येते पोलिसात. पट्टा का आणला ते सांगते, आणि गेल्या सालच्या बोटांचंही सांगते. ह्या सगळ्या बाया बरोबर येतील." रांगेतल्या बाया येणार होत्या की नाही, देवाला ठाऊक. पण कुणी नाही म्हणालं नाही, आणि एकजण तर चक्क पायात चपला घालायला लागली.

शेठ थोडा नरमला. म्हणाला, वाडीतून जाळी काढणं अवघड आहे, बेन, तुम्ही बघा एकदा, मग तुम्हीच म्हणाल. म्हटलं, चला बघू. मी चालत गेले, ते दोघे फटफटीवर. वाडी गावाच्या कडेला होती, शेठच्या घरामागे.

आणि मी जाळी बघितली. दोन बांबूंवर आडवी बांधली होती, मांडवासारखी. तिच्यावर पापडीचा वेल चढवला होता. आपली सुरती पापडी, जिचं थंडीत उंधियू करतात ती. वेल चौकोनांतून आत-बाहेर गुंफला होता, सगळीकडे फुलं होती.

"फूल बेठां छे," शेठ म्हणाला. "थोडा दाडा थोभी जाव, बेन. पापडी उतरी जाय पछी..."

फुलं धरलीत, थोडे दिवस थांबा. शेंगा उतरू द्या, मग काढू. मी त्याच्याकडे बघतच राहिले. एका बाईची बोटं गेली, माझ्या नवऱ्याचा हात आज दुपारी जाणार होता, आणि जाळी इथे भाजीच्या कामाला! मला शिवी येत होती, चांगली अहिराणीतली, पण तेवढ्यात मला मोरीवर ती दिसली. तीच, दोन बोटांची. पातेलं अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरून राखेने घासत होती. ते निसटलं, तिने पुन्हा धरलं.

"शेठ," मी म्हटलं, "पापडी पुन्हा पेरली की उगवते. बोटं पेरून बघितलीत का कधी?"

शेठाणी मागच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग मोरीकडे. आत गेली आणि विळा घेऊन आली. मला वाटलं, आता ही माझ्यावर येते. ती वेलाजवळ गेली, बुंध्याशी वाकली आणि एका ओढीत वेल कापला. शेठ "अरे अरे" करत राहिला. तिने जाळीवरून वेल ओरबाडून काढला, फुलांसकट, आणि बाजूला टाकला. "लई जाव," ती मला म्हणाली. घेऊन जा. मोरीवरच्या बाईने मान वर केली नाही, पण घासायची थांबली होती.

आमच्या ह्यांनी जाळी उचलली. मी गिरणीत बसून पट्ट्याची जुनी टोकं कापली, नव्या क्लिपा ठोकल्या, एकेकीवर नख फिरवून बघितलं. रॉकेलच्या बोळ्याने राळ पुसून काढली. सकाळी ह्यांनीच नटबोल्ट आवळून जाळी बसवली. चौकोनांत कुठे कुठे हिरवे ताणे अडकलेले होते तसेच राहिले. लिंबू-मिरचीलाही मी हात लावला नाही. तिचं तिने बघावं, जाळीचं जाळीने.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं बंद. ताट वाढलं की जेवायचे, उठायचे, थ्रेशरवर निघायचे. भाऊबीज आली, गेली. चाळीत चर्चा एकच, की हिने नवऱ्याला शेतात "मेल्या" म्हटलं. पट्ट्याची चर्चा कुणी करेना. मी तोंड उघडून सांगायला गेले की बाया म्हणायच्या, ते खरं गं, पण चारचौघांत म्हणायला नको होतं. काय बोलणार! मीही ठरवलं, आपण होऊन बोलायचं नाही. मला काय गरज पडलीय? चूक असती तर बोलले असते.

सुगी संपत आली तेव्हा एके दिवशी हे दुपारीच घरी आले. मी भाकरीला बसले होते. दारात उभे राहिले, उजवा हात मुठीत धरून. मग आत आले, माझ्यासमोर बसले आणि मूठ उघडून हात पुढे केला. तळव्याची कातडी खरवडली होती, बोटांची पेरं सोललेली, रक्त सुकलेलं. आणि तळव्यावर जाळीचे चौकोन उमटले होते, स्वच्छ, एकाला एक लागून.

मला काही विचारावं लागलं नाही. पट्टा घसरला असणार, आणि एवढं सगळं होऊनही तो हात आपला आपण निघाला असणार नाडी बघायला, आणि पट्ट्याने ओढला तो पुलीऐवजी जाळीवर आपटला असणार. खोड कुठे जातेय! ह्या वेळी मी ओरडायला तिथे नव्हते.

मी तो हात धरून बसले. मग हळदीचा डबा ओढला, चिमूट घेतली आणि जखमेत भरली. दाबून भरली. इतक्या दिवसांचा सगळा राग त्या चिमटीत होता, खोटं कशाला बोलू. हे कळवळले. "हयू व," म्हणाले. "दुखस ना!" हळू गं, दुखतंय ना. इतक्या दिवसांतलं पहिलं वाक्य.

"दुखू द्या," मी म्हटलं, आणि दुसरी चिमूट घेतली. "हात शे, म्हनीसन दुखस."

हात आहे, म्हणून दुखतोय. त्यांनी हात काढून घेतला नाही.